आईच्या कानाच्या मशीनची वाढीव गॅरंटी

निपाणी,
दि. २६ एप्रिल १९८४

तीर्थस्वरूप शेवंताआक्का हिस,

धाकटा भाऊ आण्णाप्पा याचा सविनय जयभीम. दाजींनाही माझा जयभीम सांगावा आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळवावं. (मागच्या पत्रात तू 'बरा आहे' एवढंच लिहिलं होतंस. रेल्वेच्या माणसाचा गुडघा नुसता बरा असून भागत नाही, क्वार्टरचा जिना चढवतो का ते लिही.) इकडं आम्ही सर्व खुशाल आहोत. ऊन फार आहे. वखारींची दारं दिवसभर उघडी असतात, त्यामुळं तंबाखूचा खकाणा वाऱ्यावर सगळ्या गावातनं फिरतो, आणि संध्याकाळी कचेरीतनं येताना चिकोडीच्या गाडीतनं उतरलो की मी आधी तीन शिंका देतो, मग घराकडं वळतो. तुझी भावजय राजा हिची तब्येत चांगली आहे. आईची तब्येत चांगली आहे. आईच्या कानाच्या मशीनची तब्येत हा या पत्राचा विषय आहे, आणि तो मुळापासून सांगितल्याशिवाय तुला माझी बाजू कळणार नाही.

डिसेंबरात तू आली होतीस, तेव्हा सोप्यात आईच्या उजव्या अंगाला बसून तासभर तिला तुझ्या थोरलीच्या बाळंतपणाचं सगळं सांगत होतीस. बाळ पायाळू होतं, डॉक्टरीण रात्रभर जागी होती, सगळं. आणि शेवटी आई म्हणाली, "व्हय व्हय, औंदा जोंधळा बरा हाय." (अलीकडं तिला फक्त डाव्या कानानं, तेही कानाला तोंड लावून ओरडलं तरच ऐकू येतं, हे तुला सांगायचं राहिलं ही माझी चूक.) त्यानंतर तू मला सैपाकघरात बोलावलंस आणि जे बोललीस, ते मी अकरा वर्षांच्या नोकरीत कुठल्या तहसीलदाराच्या तोंडून ऐकलेलं नाही. बत्तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळून जिनं तुला-मला शिकवलं, तिच्या कानासाठी तुला एक दिवस रजा मिळत नाही का, हा तुझा शेवटचा प्रश्न. मी त्याचं उत्तर दिलं नाही, पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात किरकोळ रजा टाकली आणि आईला घेऊन बेळगावला गेलो.

सरकारी दवाखान्यात कान तपासला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. ती घेऊन बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकान अर्धं रेडिओचं आणि अर्धं कानाच्या मशीनचं आहे, म्हणजे डाव्या बाजूला आवाज विकतात आणि उजव्या बाजूला तो ऐकण्याची सोय. मालकांचं नाव परशराम. माणूस अत्यंत सज्जन. (पुढं जे लिहिणार आहे त्यामुळं तुझा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच लिहून ठेवतो. जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा त्यांनी चहा पाजला.) मशीन म्हणजे दोन काडेपेट्या एकावर एक ठेवाव्यात एवढी डबी. ती पोलक्याला अडकवायची, तिच्यातनं एक वायर निघते, वायरच्या टोकाला कानात बसवायचं बोंडूक. डबीच्या डोक्यावर एक बारीक चाक असतं. ते पुढं फिरवलं की आवाज वाढतो, मागं नेत शेवटाला नेलं की टक होऊन बंद होतं. किंमत लिहीत नाही, तू उगीच दाजींना सांगशील.

पावती फाडताना मालकांनी विचारलं, "गॅरंटी एक वर्षाची करू का तीन वर्षांची?" आता, आक्का, सरकारी माणसाला हा प्रश्न विचारायचा असतो का? नोकरी आणि गॅरंटी जेवढी लांब तेवढी चांगली, हे कुणालाही कळतं. कंपनीचं एक वर्षाचं पांढरं कार्ड मशीनसोबत फुकट येतं, आणि थोडे जादा पैसे भरले की दुकान स्वतःचं तांबडं कार्ड देतं, पुढच्या दोन वर्षांचं. त्याला ते वाढीव गॅरंटी म्हणतात. मी ती घेतली. कार्डाच्या पाठीमागं मुंगीएवढ्या इंग्रजीत बरंच काही छापलेलं होतं आणि खाली 'वाचून, समजून, मान्य' अशा अर्थाची एक ओळ होती. तिच्यावर मी सही केली. कचेरीत रोज निदान दहा शेतकऱ्यांना मी चष्म्यावरनं बघत सांगतो, बाबांनो, वाचल्याशिवाय कागदावर अंगठा उठवू नका. त्या दिवशी मी स्वतः न वाचता उठवला. पण तेव्हा मन इतकं हलकं झालं होतं, की येताना बसमध्ये आईच्या डाव्या कानाला तोंड लावून मी ओरडून सांगितलं, "आई, तीन वर्सं काळजी न्हाय!" पुढच्या बाकावरच्या माणसानं दचकून कंडक्टरला हाक मारली.

पहिल्या दिवशीचं तुला सांगायला हवं, कारण मशीनबद्दल मी पुढं वाईट लिहिलं तरी हे खरं आहे. घरी आल्यावर राजानं बोंडूक नीट बसवून दिलं आणि मी चाक फिरवलं. आई ताठ बसून राहिली. मग तिनं पदर सावरायला हात उचलला आणि तसाच थांबवला. परत हलवला. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या तिला ऐकू आल्या होत्या. आठ वर्षांनी. ती हात हलवत राहिली, एकदा हा, एकदा तो, आणि राजा सैपाकघरात निघून गेली. मीही अंगणात जाऊन काही नसताना सायकलची हवा बघितली.

पुढचे पंधरा दिवस आई घरभर आवाज शोधत फिरत होती. "ह्ये कोन कण्हतंय?" म्हणून पंख्याखाली उभी राहिली. कुकरची शिट्टी झाली तेव्हा दारात कोण आलं ते बघायला गेली. शेजारच्या जयाबाई गेली कित्येक वर्षं कंपाउंडाच्या भिंतीवरनं आमच्या म्हातारीबद्दल म्हातारीच्या तोंडावर मोकळेपणानं बोलत आल्या आहेत. तिसऱ्या दिवशी आईनं त्यांना भिंतीवरनंच उत्तर दिलं. जयाबाई दोन दिवस परसात आल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी वाटीभर कोशिंबीर घेऊन आल्या. एकदा कुणाच्या तरी घरी बुद्धवंदनेला सगळे डोळे मिटून बसलेले असताना बोंडूक सैल झालं आणि मशीननं अशी शीळ घातली, की मागच्या रांगेतला एक जण उठून दाराबाहेर बघून आला. आईला ती शीळ ऐकू आली नाही. ती एकटीच शेवटपर्यंत शांत बसली होती.

आमची मात्र पंचाईत झाली. आठ वर्षं आईसमोर काहीही बोलायची सवय लागलेली. पगार, पाहुणे, तुझं नाव, दाजींचं नाव (वाईट नव्हे, नुसतं नाव), सगळं तिच्या डोक्यावरनं इकडून तिकडं जायचं. आता खाजगी बोलायचं तर जागा कुठं आहे? दोन खोल्या आणि सोपा. शेवटी राजा आणि मी न्हाणीत जाऊन बोलायला लागलो. बारा वर्षांचा संसार झालेल्या नवरा-बायकोनं बादलीच्या दोन बाजूंना उभं राहून नळ सोडून कुजबुजावं, हे शोभत नाही, पण विषयच तसा होता. माझी बदली होणार आहे. (त्याबद्दल खाली.)

सोळाव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो, तर आईनं कानाला बोट लावून हात हलवला. मशीन गेलं.

मी पांढरं आणि तांबडं अशी दोन्ही कार्डं काढून पिशवीत ठेवली आणि मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरंच वाटलं. मशीन लवकर बिघडलं याचं वाईट वाटायला पाहिजे होतं, पण ज्यानं छत्री विकत घेतली आहे त्याला आभाळ भरून आलं तर जसं वाटतं तसं वाटलं. पुढच्या शनिवारी बेळगाव गाठलं. मालकांनी मशीन हातात घेतलं, चाक फिरवलं, स्वतःच्या कानाशी धरलं आणि म्हणाले, चालतंय की. सेल कमी झाला असेल. नवा सेल घातला. सेल गॅरंटीत येत नाही. मी म्हटलं, सेलचं एवढं काय. घरी आणलं, आईला दिलं. रात्री जेवताना तिनं परत हात हलवला. गेलं.

तू म्हणशील, तू स्वतः उघडून, फिरवून का बघितलं नाहीस? तेच सांगतो. कार्डाच्या मागच्या बाजूची एक ओळ मला तोवर लागली होती. खरेदीदारानं मशीनशी काही खटपट केल्यास गॅरंटी रद्द. खटपट म्हणजे नेमकी कुठून सुरू होते ते तिथं लिहिलेलं नव्हतं. चाक फिरवणं ही खटपट होते काय? गॅरंटी धोक्यात घालण्यापेक्षा मी मशीनला हात लावणंच सोडून दिलं. आई काढून द्यायची, मी रुमालात गुंडाळायचो, दुकानात रुमाल उघडायचा. तांबडं कार्ड घेतल्यापासून जिच्यावर माझा कमीत कमी हक्क होता अशी घरातली एकच वस्तू म्हणजे ते मशीन.

तिसऱ्या फेरीला वायर बदलली. वायरही गॅरंटीत येत नाही. मग मात्र मी खुर्ची ओढून मालकांच्या समोर बसलो आणि म्हटलं, आज मला दोन्ही कार्डं वाचून दाखवा. त्यांनी चहा मागवला आणि वाचली. मालक इंग्रजी वाचत होते, अडलं की शेजारच्या गिऱ्हाइकाला कानडीत विचारत होते, आणि मला मराठीत सांगत होते, त्यामुळं प्रत्येक अट माझ्यापर्यंत तीन भाषांतनं धुवून आली आणि दर धुण्याला थोडी आटली. पांढरं कार्ड कंपनीच्या चुकीपुरतं. कंपनी मद्रासला. चूक कंपनीची आहे का नाही ते कंपनीच ठरवणार. सेल, वायर, बोंडूक, अडकवायचा चिमटा हे मशीनमध्ये धरत नाहीत. पाणी, घाम, धूळ, किडा-मुंगी, पडणं, आपटणं यांनी झालेला बिघाड धरत नाहीत. मी म्हटलं, मालक, डबी छातीवर लावायची, महिना मार्चचा, घाम येणार नाही तर काय येणार? ते म्हणाले, घामापासनं जपायचं. मी म्हटलं, धूळ? निपाणीत जन्मलेलं मूलसुद्धा पहिल्यांदा रडत नाही, शिंकतं. ते म्हणाले, छापलेलं आहे, मी काय करू.

मग तांबडं कार्ड. ते अजून सुरूच झालेलं नाही. पांढऱ्याचं वर्ष संपलं की पुढच्या फेब्रुवारीत ते सुरू होणार, आणि तेही दर तीन महिन्यांनी मशीन दुकानात आणून दाखवलं आणि कार्डावर शिक्का मारून घेतला असेल तरच. मी विचारलं, "सुरू झाल्यावर त्यात येतं काय?"

"मजुरी," मालक म्हणाले. "समजा आतला एखादा भाग गेला. भाग तुम्ही विकत घ्यायचा. बसवून आम्ही देणार. एक पैसा घेणार नाही."

"आणि आतला भाग जातो कधी?"

"शक्यतो जात नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "माल चांगला आहे."

आक्का, मी रागावलो नाही. नियमाला रागावण्याची सवय सरकारी नोकरीत मोडते. मी दुकानातच अर्ज लिहायला घेतला, सविनय सादर करण्यात येते की. मालक म्हणाले मद्रासला मराठी कोण वाचणार, म्हणून तो इंग्रजीत केला. त्यांनी तो वाचून ठेवून घेतला आणि सुचवलं, एकदा आजींनाच घेऊन या, आमचा मेकॅनिक भीमाप्पा बघेल, तो मंगळवारी आणि शनिवारी असतो.

गेल्या शनिवारी आईला घेऊन गेलो. भीमाप्पा साठीचा माणूस, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. त्यानं आईला स्टुलावर बसवलं, नमस्कार केला, डबी घेतली आणि स्वतःच्या बोंडकानं कानाला लावून डोळे मिटले. बराच वेळ तो दुकान ऐकत बसला. मग त्यानं डबीतला सेल काढला, एका छोट्या यंत्रावर टेकवला, काटा बघितला, परत टेकवला. आईकडं बघितलं. आई शोकेसमधल्या रेडिओंकडं बघत होती. भीमाप्पा उठला आणि मला हातानं खूण करून पायरीवर घेऊन गेला.

"साहेब," तो म्हणाला, "ह्यो सेल कवा घातलेला?"

मी सांगितलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

"दीड महिना झाला. आजी दिवसभर लावत असतील तर दहा-बारा दिवसांत उतरायला पाहिजे. ह्यो नव्यासारखा भरलेला हाय." तो थोडा थांबला. "मशीन बंद पडत न्हाय. कुणीतरी बंद करतंय."

जे सुचलं ते मी विचारलं. ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. मी विचारलं, "हे कुठल्या कार्डात बसतं?"

भीमाप्पानं माझ्याकडं बघितलं आणि कानडीत म्हणाला, "आगंगिल्ला." मग मराठीत म्हणाला, "कशातच न्हाय बसत. जावा, त्यांच्याशी बोला."

निपाणीच्या गाडीला तासभर होता. स्टँडवर आईला बाकावर बसवलं, केळी घेतली. ती केळं सोलत होती. मी तिच्या छातीवरच्या डबीकडं बघितलं, चाक मागं शेवटाला होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी गॅरंटीचा विचार न करता त्याला हात लावला आणि पुढं फिरवलं. टक झालं. आईनं केळं खाली धरलं.

मी म्हटलं, "आई, हे तू बंद करतीस?"

"व्हय," ती म्हणाली. लपवलं नाही, काही नाही.

आता, कचेरीत मी शेकडो जबान्या उतरवून घेतल्या आहेत. आरोप वाचून दाखवण्याआधी जो कबूल होतो त्याच्यासारखा मूर्ख नाही, हे मला माहीत आहे. पण मी तिथं स्टँडवर सगळं एका दमात बोललो. आई, तू ऐकलंस ते खरं आहे. माझी जूनमध्ये बेळगावला बदली आहे. तिथल्या वडगावात दीड खोली मिळतेय, भिंतीला भिंत लागून माग आहेत, दिवसभर खडखडाट. राजाचं म्हणणं पडलं, की तुला वर्षभर मिरजेला आक्काकडं ठेवावं. अजून ठरलेलं नाही. तुला टाकायचं म्हणून नाही. तू असं मशीन बंद करून बसू नकोस, त्यापेक्षा मला दोन शिव्या दे.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कवा?"

"काय कवा?"

"ह्ये तुमी कवा बोललासा?"

"तू ऐकलं न्हाईस? न्हाणीत?"

"न्हाय बा," ती म्हणाली. "न्हाणीत नळ चालू हुता."

एक गाडी लागली, भरली आणि सुटली. ती आमची नव्हती. आई केळं खात होती, अगदी सावकाश, आणि मी सालं हातात धरून बसलो होतो. शेवटी मी विचारलं, "मग बंद का करतीस?"

ती माझ्याकडं बघून बोलली नाही, समोरच्या गाड्यांकडं बघून बोलली. "मशीन न्हवतं तवा तू कचेरीतनं आलास की बूट काडून माज्याजवळ बसायचास. कानाला तोंड लावायचास. सायेब काय म्हनला, गाडीत कोन भेटलं, समदं सांगायचास. तुज्या मिशा टोचायच्या मला. राजी बी तशीच, हातातलं टाकून जवळ यायची. आता समदी लांबनंच बोलत्यात. तू तर सैपाकघरातनं इचारतोस, आई जेवलीस का म्हनून. ऐकू येतंय मला. मी व्हय म्हनती. झालं, तेवढंच." मग तिनं डबीवर बोट ठेवलं. "ह्येला बंद केलं की तू येतोस बघ. ह्ये रुमालात घेतोस, कार्ड काडतोस, माज्यापाशी बसून वाचतोस. इचारतोस, काय हुतंय, कसं हुतंय. घटकाभर तरी बसतोस."

चार फेऱ्या, दोन कार्डं, एक इंग्रजी अर्ज, आणि त्या सगळ्या वेळात मी तिच्या कानाविषयी जेवढं बोललो तेवढं तिच्याशी बोललो नव्हतो, हे तिथं माझ्या ध्यानात आलं. गाडी लागली. आत बसल्यावर, हत्तरगीच्या पुढं, तिनं मला कोपरानं ढोसलं.

"वडगावात माग लई वाजत्यात?"

"दिवसभर," मी म्हटलं.

"मग बरंच की. मी बंद करून बसंन."

यात ती येणार असं आलं, का मला माफ केलं असं आलं, का दोन्ही, ते मी विचारलं नाही. संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा एवढंच म्हणाली, "शेवंताच्या घराला जिना हाय. मला जिना न्हाय चढवत." आणि निपाणीपर्यंत झोपली, माझ्या खांद्यावर, मशीन चालू ठेवून.

तर अशी हकिकत आहे. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी आईजवळच बसतो. मशीन चालू असतं, त्यामुळं ओरडायची गरज नाही, साध्या आवाजात बोलतो. तरी एक शंका आहे. मशीन असूनही ती मला प्रत्येक गोष्ट दोन-दोनदा विचारते, "आं?" म्हणून कान पुढं करते, आणि शेवटी मला पहिल्यासारखंच तोंड लावून मोठ्यानं सांगावं लागतं. आवाजाचा आतला भाग कमी झाला असावा. मेमध्ये तीन महिन्यांचा शिक्का मारायचा आहेच, तेव्हा भीमाप्पाला दाखवीन.

दाजींना आणि मुलांना जयभीम.

तुझा,
आण्णाप्पा

ता. क. : खरं सांगायचं तर हे पत्र मी आईला वर्षभर तुझ्याकडं ठेवून घे म्हणून विनंती करायला बसलो होतो. गेल्या महिन्यात तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. आता ती विनंती नाही. आता एवढीच आहे, की जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवताना तू चार दिवस येऊन राहा. आईला आवडेल. येशील तेव्हा डाव्या अंगाला बस.

ता. क. २ : वरचं सगळं आईला वाचून दाखवलं. दीड तास लागला. ती म्हणाली, शेवंताला लिही, थोरलीच्या बाळंतपणाचं मला काय कळलं न्हाय, आली की पयल्यापासनं सांग. जोंधळ्याचं ती काही बोललीच नव्हती, असंही लिहायला सांगितलं आहे. मी वाद घातला नाही.

वन्संना राजाबाईचा जयभीम. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हणून ह्यांना न दाखवता चार ओळी लिहिते. पत्रात जिथं 'राजाचं म्हणणं पडलं' असं लिहिलंय तिथं 'ह्यांचं म्हणणं पडलं' असं वाचावं. न्हाणीत मी नळ सोडला होता तो त्यांचं बोलणं आत्तींच्या कानावर जाऊ नये म्हणून. आत्ती आमच्याबरोबर वडगावला येणार, खोली दीड असू दे नाहीतर पाऊण. दुसरं, मशीनला काही झालेलं नाही. बेळगावहून आल्यापासून हे सकाळी कचेरीला गेले की आत्ती चालू करतात आणि आम्ही दोघी दिवसभर बोलतो. मी भाकरी थापते, त्या वखारीतल्या बायकांच्या गोष्टी सांगतात, आजवर एकही मी ऐकलेली नव्हती. संध्याकाळी चिकोडीच्या गाडीचा हॉर्न आधी त्यांनाच ऐकू येतो. "आला," म्हणतात, आणि चाक मागं फिरवून टाकतात. मग हे येतात, बूट काढतात, आणि सगळ्या गल्लीला कळेल अशा आवाजात साहेब काय म्हणाले ते सांगायला बसतात. आत्ती डोळे मिटून ऐकतात. तुम्ही आलात की ह्यांना काही सांगू नका.